पेटीचा भाव दहादा टाइप करू नका

आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला व्हॉट्सअॅपवर दिवसभर तेच विचारतात: पेटी कितीला, पार्सल कधी? फोनमधल्या जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी उघडा, भाषा निवडून अधिकचं चिन्ह दाबा. वर एका ओळीतलं उत्तर, खाली शॉर्टकट म्हणून ‘पेभा’. पुढे ‘पेभा’ लिहिलं की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत अख्खी ओळ येते, तिच्यावर बोट ठेवायचं. भाव उतरला की आकडा तिथेच बदला, हे मात्र विसरू नका; जुना भाव गेला तर गिऱ्हाईक नाराज होतं.

कॉम्प्युटरवर विंडोज आणि व्ही एकत्र दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करा. शेवटच्या २५ कॉपी मिळतात. पत्ता, खातेक्रमांक पिन करा. वळवाच्या पावसात लाइट गेली तरी पिन केलेलं राहतं.