महाबळेश्वर-पाचगणीच्या बागेत वसंतात फुलणारी बहुवर्षायू झाडं

महाबळेश्वर-पाचगणीला बहुवर्षायू फुलझाड दगावतं ते बहुधा थंडीने नव्हे, पावसाने. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांत कोसळतो. पाचगणीला तो बराच कमी, पण कंद कुजवायला पुरेसा. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं हवी असतील तर आधी निचऱ्याची सोय करा, रोपं मागाहून आणा.

पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमारास ३ फूट रुंद आणि १ फूट उंच गादीवाफे घाला, दोन वाफ्यांमधला चर उताराकडे मोकळा ठेवा. दोन पाट्या तांबड्या मातीला एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक पाटी जाड वाळू. शेणखत अर्धकच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) हमखास येते. जांभ्याची ही माती आम्लधर्मी असते आणि डायान्थसला (कार्नेशनच्या जातकुळीतलं फुलझाड) ती मानवत नाही. माती तपासून घ्या. सामू (pH) ६ च्या खाली असेल तर त्या वाफ्यात चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम शेतीचा चुना मिसळा, तोही शेणखताच्या ३-४ आठवडे आधी. दोन्ही एकदम टाकले तर खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

डायान्थसची रोपं ९ इंचांवर लावा. जर्बेरा १ फुटावर, आणि त्याचा गड्डा (पानं फुटतात तो बुंध्याचा भाग) मातीच्या वर बोटभर उघडा राहिलाच पाहिजे. मातीत दबला की मधूनच सडतो. फ्रीझियाचे कंद ऑक्टोबरअखेर, माती निवल्यावर, टोक वर करून २ इंच खोल लावा. माती तापलेली असताना लावले तर नुसती पाती वाढतात, कळी धरत नाही.

या भागासाठी सगळ्यांत भरवशाचं झाड म्हणजे अमेरिलिस. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत बंद करा आणि ८ ते १० आठवडे कोरडा राहू द्या. पानं पिवळी पडली तरी घाबरू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वरची २ इंच माती काढून तिथे गांडूळखत भरा आणि एकदाच भरपूर पाणी द्या. पुढचं पाणी मानेतून कोंब दिसेपर्यंत अगदी बेताचं. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो आणि मुळं नसलेला कंद तळातून सडतो. फुलं साधारण ६-८ आठवड्यांत येतात. फूल सुकल्यावर दांडा कापा, पानं मात्र कापू नका, पुढच्या वर्षीची कळी त्या पानांच्या जोरावरच कंदात तयार होते. पान नाही, पोषण नाही, फूल नाही. पावसाळ्यात पानांवर काळ्या अंगाची, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची अळी येते आणि एक-दोन रात्रींत पानांचा फडशा पाडते. सकाळी हाताने वेचून मारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

हिमकणांची भीती सगळीकडे सारखी नाही. थंड हवा जड असते, ती उतरून खोलगट जागी साचते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दव गोठतं, तेव्हा टेकाडावरची बाग सुखरूप असते. सखल जागी बाग असेल तर वाऱ्याविना निरभ्र संध्याकाळी काठ्या रोवून वर गोणपाट ताणा, पानांना टेकू देऊ नका, ऊन आल्यावर काढा. वाढीत असलेल्या झाडांना त्या दिवशी दुपारीच पाणी द्या; ओली माती रात्री ऊब सोडते. विश्रांतीतल्या अमेरिलिसला मात्र हा नियम लावू नका.

ट्यूलिपचा मोह होतो, पण त्याच्या कंदाला ९ अंशांखाली सलग १२ आठवडे तरी गारवा लागतो आणि तो महाबळेश्वरलाही मिळत नाही. गारवा दिलेले कंद आणून एकदा फुलवा. पुढच्या वर्षीची आशा धरू नका.

एप्रिल-मेमध्ये फ्रीझियाची पानं वाळली की कंद काढून आठवडाभर सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत ठेवा. डायान्थसची ४ इंचांची शेंडा-कलमं मेअखेर कुंडीत लावून वळचणीखाली ठेवा, कारण वाफ्यातलं जुनं झाड पावसात टिकेलच असं नाही. अमेरिलिस जमिनीतच राहू द्या, फक्त चर तुंबत नाही ना ते जूनच्या पहिल्या सरीनंतर आणि पुढे दर आठवड्याला पाहा.