तापवताना काचेची वाहकता आधी घटणे: माझा अनुभव

व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ६० आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ४० मोल टक्के असलेल्या काचेची एकदिश (डीसी) वाहकता मोजताना, तापमान वाढवत नेले की १०० अंश सेल्सिअसपर्यंत ती घटत असे आणि मगच वाढू लागे. थंड होतानाचा आलेख वेगळ्याच वाटेने जाई. चौथ्या व पाचव्या संयुजेच्या व्हॅनेडियममध्ये पोलॅरॉनच्या (आजूबाजूचे अणू किंचित सरकवून त्यांच्यासह फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या) उड्यांनी होणारे वहन तापमानाबरोबर वाढायलाच हवे.

इलेक्ट्रोड, केबल, तापवण्याचा वेग, सगळे बदलून झाले. तीन आठवडे वाया गेले.

उलगडा काचेची चकती पाण्याने पॉलिश करण्याच्या थाळीत झाला: पाणी पिवळसर झाले होते, म्हणजे काच विरघळत होती. पाण्याने पृष्ठभागावरील फॉस्फेटच्या साखळ्या तुटतात, ओलसर थर उरतो आणि प्रवाह काचेऐवजी त्या थरातून वाहतो. तापवताना तो थर सुकत जातो, म्हणून वाहकता आधी घटते.

नंतर मी प्रथम नवी चकती केरोसीनमध्ये घासून निर्जल इथेनॉलने पुसली. एका बाजूस वाहक चांदीयुक्त रंगाने (सिल्व्हर पेंटने) मध्यवर्ती वर्तुळ आणि भोवती थोडी फट सोडून, पृष्ठभागावरचा प्रवाह वळवणारे संरक्षक कडे काढले. दुसरी बाजू पूर्ण रंगवली. मधले वर्तुळ इलेक्ट्रोमीटरला (अतिसूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाला), कडे भूसंपर्काला व मागची बाजू व्होल्टेजला जोडली. शेवटी रोटरी पंपाच्या निर्वातात १५० अंशांवर दोन तास ठेवून, निर्वात न मोडता, थंड होतानाच मोजमाप घेतले. पुन्हा तापवले तेव्हा दोन्ही आलेख एकमेकांवर बसले.

चकती आता ओलावा शोषणाऱ्या पदार्थाच्या बंद बरणीतच ठेवतो; पावसाळ्यात तर उघडी एक रात्रही नाही.