फॉर्म तुमचा, ओटीपी दुसऱ्याच्या मोबाईलवर: ऑनलाइन कामात या चुका टाळा

जून-जुलैत सांगलीत विश्रामबागला कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जावा, फॉर्म भरणाऱ्यांची झुंबड आणि काउंटरवर एकच रड, ओटीपी येईना. मग सर्व्हरला शिव्या, रेंजला शिव्या, सरकारला शिव्या, आणि अर्ध्या तासानं कळतं की ओटीपी वेळेवरच आलाय, फक्त गेल्या वर्षी ज्यानं फॉर्म भरून दिला त्याच्या मोबाईलवर. पोर्टलं गंडतात हे खरंच आहे, त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही, पण लोकांचे जास्त हाल होतात ते लॉगिन, मेल आणि पैसे भरल्याचा पुरावा या तीन गोष्टी स्वतःकडं न ठेवल्यामुळं.

नंबर आणि मेल स्वतःचाच टाका

दुकानदार काय मुद्दाम करत नाही ओ. मागं लाइन लागलेली, तो विचारतो "मामा, मेल आयडी आहे का?", मामा म्हणतात "ते काय असतंय?", की हा आपला स्वतःचा मेल टाकून मोकळा. तेवढ्यापुरतं काम होतं. पण महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान-स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, स्कॉलरशिपचा फॉर्म एकदा भरला म्हणून विषय संपत नाही, पुढच्या वर्षी रिन्यूअल असतं, मधेच अर्ज त्रुटी काढून परत येतो, आणि त्याची सूचना जाते दुकानदाराकडं, जिथं असले ढीगभर मेल न उघडता पडलेले असतात. जत-आटपाडीवरून सांगलीत शिकायला आलेलं पोरगं पैशाची वाट बघत बसतं आणि अर्ज केव्हाच परत येऊन पडलेला असतो. शेतकऱ्यांच्या ठिबकच्या अनुदानाचंही तेच.

त्यामुळं दुकानात जायच्या आधी घरीच मेल आयडी काढा, घरात एखादं कॉलेजचं पोरगं असेल तर लगेच करून देईल. युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून ठेवा. हो, वहीतच, मोठमोठे तज्ज्ञ काय म्हणायचं ते म्हणू देत, कपाटातली वही चोरायला परदेशातला हॅकर येत नाही, पण पासवर्ड विसरल्यामुळं शेवटची तारीख हुकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. बँकेचा पिन तेवढा त्यात लिहू नका. आणि सबमिट दाबायच्या आधी स्क्रीन आपल्याकडं वळवून घ्या, मोबाईल नंबर, मेल आणि खाते नंबर स्वतः वाचा, डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन पडलं असेल तर तिथंच दिसतं. जीमेलच्या नावात एखादं टिंब जास्त पडलं किंवा राहिलं तर मात्र टेन्शन नाही, जीमेल ती टिंबं धरतच नाही.

आधीच दुसऱ्याचा नंबर पडलेला असेल तर भांडत बसू नका, त्या दुकानात जावा, तिथं बसूनच लॉगिन उघडून घ्या आणि सगळ्यात आधी प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर आणि मेल बदला, मग बाकीचं काम.

अजून एक, जुनं सिम. रिचार्ज महाग झाला म्हणून दुसरं सिम टाकून दिलं जातं, पण बँक, आधार, गॅस, पोर्टल सगळं त्याच नंबरवर असतं. ९० दिवस नंबर वापरलाच नाही आणि त्यात बॅलन्सही नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, नंतर तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडं. सिम सोडायचं असेल तर आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर लावा.

मेल येतच नाही म्हणता तेव्हा

आधी स्पॅम बघा, म्हणजे नको असलेले मेल जीमेल आपोआप टाकतं तो कप्पा. तिथं पडलेला मेल जीमेल ३० दिवसांनी आपोआप उडवतं, त्यामुळं हॉल तिकीट शोधायला दोन महिन्यांनी गेलात तर काही मिळणार नाही. स्पॅममध्येही नसेल तर जागा भरली का बघा. गुगल फुकट १५ जीबी देतं, ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळ्यांना मिळून, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरतात. म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांनी आणि व्हिडिओंनी जागा भरते आणि कॉलेजचा मेल बाहेरच्या बाहेर परत जातो. बॅकअपमधून व्हिडिओ काढून टाका, बराच फरक पडतो.

अपलोड होईना, खात्यात पैसे येईनात

ई-आधारची पीडीएफ डाउनलोड करून तशीच चढवली की बरीच पोर्टलं घेत नाहीत, कारण तिला पासवर्ड असतो, नावाची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ती पासवर्ड टाकून उघडायची, प्रिंटवर जाऊन पीडीएफ म्हणून पुन्हा सेव्ह करायची, ही नवी फाइल चालते. फोटो-सहीचं केबीचं माप आधी वाचा, मग फोटो काढा.

पैशाचं जास्त किचकट. "माझं आधार बँकेला लिंक आहे ओ, तरी पैसे आले नाहीत" हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं, पण सरकारी अनुदान आधारवरून जातं तेव्हा ते एकाच खात्यात पडतं, जे एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) यादीत शेवटी जोडलं गेलं त्या खात्यात. मधे कुणीतरी स्टॉल टाकून झिरो बॅलन्सचं खातं काढून दिलेलं असतं, फॉर्मवर सही केलेली असते, पैसे बिचारे तिथं जाऊन बसलेले असतात आणि आपण जुन्या बँकेच्या पासबुकात एंट्री मारत बसतो. आधारच्या साइटवर बँक सीडिंग (म्हणजे आधार खात्याला जोडणं) स्टेटस म्हणून आहे, तिथं कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. आधी ते बघा, मग बँकेत जाऊन वाद घाला.

पैसे कटले, पावती नाही

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परत भरणं. स्क्रीनवर गोल फिरतंय, घाबरून बॅक दाबलं, परत पे केलं, आणि दोनदा कटले. फीच्या शेवटच्या दिवशी हे हमखास होतं कारण सगळे त्याच वेळी तुटून पडलेले असतात. थांबा जरा. आधी बँकेचं स्टेटमेंट बघा, नुसत्या मेसेजवर जाऊ नका, मग पोर्टलवर पेमेंट स्टेटस किंवा व्हेरिफाय असं बटण असतं ते दाबा, कित्येकदा तिथंच पावती निघते. यूपीआय व्यवहारात १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक असतो, तो कॉपी करून ठेवा. तक्रार करताना नुसता स्क्रीनशॉट दाखवून उपयोग होत नाही, पलीकडचा माणूस हाच नंबर मागतो.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, यूपीआयनं कुणाला पैसे पाठवले, खात्यातून कटले पण समोर जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला पाहिजेत, दुकानदाराच्या बाबतीत ५ दिवसांत, आणि त्याच्या पुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई बँकेनं आपणहून द्यायची असते, नाही दिली तर हक्कानं मागा, लाजायचं काय त्यात.

पण तुम्हीच चुकीच्या नंबरवर पाठवले तर ते आपोआप येत नाहीत. भडंगाच्या दुकानात गर्दीत स्कॅन करताना नाव येतं ना, ते वाचूनच पिन टाका. दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी टिक बघून माल देऊ नये, खोटी टिक दाखवणारी अ‍ॅप असतात, आपल्या साउंडबॉक्सवर किंवा अ‍ॅपमध्ये आलं तरच आलं. वीजबिल भरताना महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकला की नाव येतं, तिथंही तेच, नाही वाचलं तर शेजाऱ्याचं बिल तुम्ही भरणार.

फसवणूक

यावर इतकं लिहून झालंय की थोडक्यात सांगतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही. जुनी गाडी विकायला टाकली आणि "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणाला की फोन ठेवा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, अ‍ॅपच्या आतून किंवा पासबुकावरून घ्या. चलान, लग्नपत्रिका, लाइट तोडणार, काहीही नाव असू दे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी) उघडायची नाही. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन बघा, बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँक डॉट इन वर जायला सांगितलं होतं, तेवढं तपासायला लागतो अर्धा मिनिट.

पैसे गेलेच तर घरच्यांपासून लपवत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. फोन उशिरा केला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातात आणि अडवायला काही उरत नाही. तुमची चूक नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तोटा तुमच्यावर येत नाही. तुम्हीच ओटीपी सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं, तक्रारीनंतरचं बँकेचं, म्हणून तिथंही घाई महत्त्वाची.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा थातूरमातूर दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारीच्या पोर्टलवर लोकपालाकडं तक्रार करता येते, एक रुपया लागत नाही, एजंट धरायची गरज नाही. फक्त आधी बँकेकडं लेखी तक्रार केलेली पाहिजे आणि तिचा नंबर हातात पाहिजे, नाहीतर तिथं तक्रार घेतच नाहीत.