महानगराजवळच्या सार्वजनिक जमिनीवर बदकांची शिकार: अमेरिकेतील नवशिक्या शिकाऱ्यासाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील मोठ्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर बदकांची शिकार करायची असेल, तर बदके शोधणे हा त्यातील तुलनेने सोपा भाग असतो. अवघड असते ते माणसांचे गणित. ज्या पाणथळीवर आपली नजर असते, तिच्यावर शहरातील आणखी शेकडो शिकाऱ्यांची नजर असते आणि पलीकडच्या काठावर बहुधा वस्ती, रस्ता किंवा सायकलवाट असते. त्यामुळे येथे महागड्या बंदुकीपेक्षा नकाशा, नियमपुस्तिका आणि आदल्या संध्याकाळची टेहळणी अधिक कामाला येते. पुढील माहिती केवळ अमेरिकेपुरती आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे.

प्रथम जमीन निश्चित करावी. सार्वजनिक जमीन म्हणजे शिकारीस खुली जमीन असे समजणे धोक्याचे आहे, कारण शहराच्या उद्यानाचे तळे सार्वजनिक असूनही तेथे बार काढता येत नाही. शिकारीस योग्य जागा प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात: राज्याची वन्यजीव क्षेत्रे आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थाने. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या उत्तरेस कार्लोस एव्हरी हे राज्याचे विस्तीर्ण क्षेत्र आहे, तर शहराला लागूनच मिनेसोटा व्हॅली आश्रयस्थान आहे. मात्र या आश्रयस्थानाचे काही विभागच शिकारीस खुले असतात. डेट्रॉइटच्या दक्षिणेस ईरी सरोवराच्या काठी पॉइंट मूये, सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेस फार्मिंग्टन बे, सॅक्रामेंटो आणि डेव्हिस यांच्यामध्ये योलो बायपास, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकास डॉन एडवर्ड्स, अशी ठिकाणे शहराच्या अगदी उंबरठ्यावर आहेत. ज्या विभागात जायचे, त्या विभागाचाच नकाशा आणि त्या वर्षाचेच नियम वाचावेत. एकाच क्षेत्रात एका बांधाच्या अलीकडे शिकार चालते आणि पलीकडे पक्ष्यांसाठी बंद क्षेत्र असते, असे वारंवार आढळते.

सीमारेषा पाहण्यासाठी मालमत्ता दाखवणारे नकाशा ॲप फोनवर उतरवून घ्यावे, कारण दलदलीत संपर्क तुटतो. पाण्याबाबत विशेष सावध राहावे. काही राज्यांत होडीतून एखाद्या प्रवाहात जाण्यास हरकत नसते, पण तळाची जमीन खाजगी असल्यास तेथे नांगर टाकणे किंवा पाय टेकवणे अतिक्रमण ठरते. याखेरीज इमारतीपासून किती अंतर राखावे हे राज्य ठरवते आणि बंदूक चालवण्यावरील नगरपालिकेचा निर्बंध त्याहून कडक असू शकतो. राज्याच्या पुस्तिकेत हा स्थानिक निर्बंध नेहमीच छापलेला नसतो. तो त्या शहराच्या किंवा काउंटीच्या कार्यालयात विचारून घ्यावा लागतो आणि हे काम हंगामापूर्वीच उरकलेले बरे.

शहराजवळच्या अनेक क्षेत्रांत प्रवेशासाठी सोडत असते. कॅलिफोर्नियात आगाऊ अर्ज करून आरक्षण मिळवता येते आणि ज्यांना ते मिळत नाही, ते पहाटेच्या रांगेत थांबून रिकाम्या जागांची वाट पाहतात. मिशिगनच्या व्यवस्थापित क्षेत्रांतही सोडतीने जागा वाटल्या जातात. अशा ठिकाणी आत जाताना आणि बाहेर पडताना तपासणी नाक्यावर नोंद करावी लागते, आणि काही ठिकाणी एका शिकाऱ्याने किती काडतुसे न्यावीत यावरही मर्यादा असते. नवशिक्याने ही पद्धत कटकटीची मानू नये. ठरलेली जागा मिळाली की शेजारच्याशी वाद होत नाही, आणि नाक्यावरील मागील दिवसांच्या शिकारीच्या नोंदी पाहिल्या की कोणत्या भागात कोणत्या जातीची बदके उतरत आहेत हे फुकट कळते.

कागदपत्रांत राज्याचा परवाना, बहुतेक राज्यांत शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि ज्या ज्या राज्यात शिकार करायची तेथील स्थलांतरित पक्ष्यांसाठीची स्वतंत्र नोंदणी लागते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास केंद्र सरकारचा डक स्टॅम्प घ्यावा लागतो. 1934 पासून चालत आलेल्या या तिकिटाची किंमत 25 डॉलर आहे आणि त्यातील जवळजवळ सर्व रक्कम पाणथळ जमिनी राखण्यासाठी वापरली जाते. कागदी तिकिटावर शाईने आडवी सही केली नाही तर ते वैध ठरत नाही. हातात तिकीट असूनही केवळ सहीअभावी दंड होणे हा फारच टाळण्याजोगा प्रकार आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांना लागू पडणारी एक बाब येथेच सांगणे योग्य: नोकरी किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेत बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातील मान्य अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे अशा व्यक्तीने परवाना हाती येण्यापूर्वी मित्राची बंदूकही हाताळू नये आणि शंका असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

बंदुकीसंबंधी नियम थोडक्यात असे आहेत. शॉटगन दहा गेजपेक्षा (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) मोठी नसावी आणि तिच्यात एकूण तीनपेक्षा अधिक काडतुसे मावू नयेत, म्हणून मॅगझिनमध्ये अडसर बसवलेला असावा. शिशाच्या छर्‍यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीत 1991 पासून देशभर बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. केवळ वापरणेच नव्हे, तर शिकारीच्या वेळी शिशाची काडतुसे खिशात असणेही गुन्हा आहे. तेव्हा इतर शिकारीचे जाकीट घालण्यापूर्वी त्याचे सर्व खिसे रिकामे करावेत. पोलादी छर्रे शिशापेक्षा हलके असल्याने त्यांचा जोर लवकर ओसरतो. म्हणून शिशाचा जो आकार वापरला असता त्याहून दोन पायऱ्या मोठा पोलादी छर्रा घ्यावा. मोठ्या बदकांसाठी क्रमांक 2 हा सर्वसाधारण पर्याय आहे. जुन्या बंदुकीची नळी पोलादासाठी सुरक्षित आहे का, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. ती तशी नसेल तर बिस्मथचे छर्रे महाग असले तरी उपयोगी पडतात.

आता टेहळणीकडे वळू, कारण शहराजवळच्या शिकारीचे यश येथेच ठरते. महानगरातील बदके फार लवकर शहाणी होतात. उद्यानातील तळी, गोल्फची मैदाने, जलशुद्धीकरण केंद्रांचे हौद आणि आश्रयस्थानांचे बंद भाग येथे बंदुकीचा आवाज येत नाही हे त्यांना हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच कळते, आणि मग ती दिवसभर तेथे विसावतात व चरण्यासाठी बाहेर पडतात. त्यामुळे खुल्या पाणथळीत दुपारी एकही बदक दिसले नाही म्हणून निराश होऊ नये आणि उद्यानात पाचशे दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नये. पाहायचे असते ते विसाव्याच्या आणि चरण्याच्या जागांमधील उड्डाणाची वाट. सूर्यास्ताच्या सुमारास दुर्बीण घेऊन खुल्या क्षेत्राच्या वाहनतळावर किंवा बांधावर उभे राहावे, थवे कोणत्या दिशेने येतात, कोणत्या झाडांच्या रांगेवरून खाली उतरतात आणि पाणकणसांमधील कोणत्या मोकळ्या खाचेत बसतात हे टिपून ठेवावे, आणि त्याबरोबर वाऱ्याची दिशाही लिहावी. त्याच संध्याकाळी वाहनतळात किती गाड्या आहेत हेही मोजावे. बहुतेक शिकारी वाटेपासून फार दूर चालत नाहीत. गुडघाभर चिखलातून अर्धा मैल चालण्याची तयारी असेल, तर गजबजलेल्या क्षेत्रातही निवांत कोपरा सापडतो. जमत असेल तर मंगळवार किंवा गुरुवारसारखा दिवस निवडावा, मात्र काही क्षेत्रे आठवड्यातील ठरावीक दिवशीच खुली असतात, हे आधी पाहावे.

शिकारीच्या दिवशी कायदेशीर वेळेच्या किमान दीड तास आधी पोहोचावे. बार काढण्याची वेळ सर्वसाधारणपणे सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाने सुरू होते आणि सूर्यास्ताला संपते, पण राज्य किंवा क्षेत्र ती आणखी कमी करू शकते. जो आधी येऊन बसला त्याची ती जागा, हा अलिखित नियम सर्वत्र मानला जातो. अंधारात कोणाचा दिवा आपल्या दिशेने येताना दिसला तर आपला दिवा लावून आपली जागा कळवावी, आणि आपण उशिरा आलो असू तर दुसरी जागा शोधावी. मी तरी दोनशे यार्डांच्या आत कोणाच्या शेजारी बसणार नाही. शेजाऱ्याने आमिष म्हणून पाण्यावर मांडलेल्या नकली बदकांकडे उतरत असलेल्या थव्यावर आपण बार काढणे हा उघड उद्धटपणा आहे.

वारा पाठीशी किंवा किंचित तिरका ठेवून बसावे, कारण बदके वाऱ्याला सामोरी होऊन उतरतात. नकली बदके दोन गटांत मांडून मध्ये उतरण्यासाठी मोकळी जागा सोडावी आणि ही मोकळी जागा आपल्या टप्प्यात असावी. डझनभरही पुरेशी होतात. गर्दीच्या पाणथळीत सगळ्यांनीच मोठमोठे ताफे मांडलेले असल्याने लहान व वेगळी मांडणी उलट बरी दिसते. वारा पडला असेल तर दोरीने हलवता येणारे एक तरी बदक असावे, कारण निश्चल पाण्यावरील निश्चल थवा कोणत्याही बदकाला संशयास्पद वाटतो. यंत्राने फिरणाऱ्या पंखांची नकली बदके काही ठिकाणी चालत नाहीत. जिवंत बदके आमिष म्हणून वापरणे, ध्वनिमुद्रित आवाज लावणे आणि धान्य टाकणे यांना सर्वत्र मनाई आहे, आणि धान्य काढून टाकल्यानंतरही ती जागा दहा दिवस निषिद्धच राहते. बदकासारखा आवाज काढणारी शिट्टी जपून वाजवावी. थवा आपल्याकडेच वळला असेल तर गप्प बसावे आणि चेहरा वर करू नये. वरून सर्वांत आधी दिसतो तो उजळ चेहरा.

नेम धरण्यापूर्वी पक्षी ओळखता आला पाहिजे. पक्ष्यांच्या स्थलांतरानुसार देशाचे जे उड्डाणमार्ग पाडले आहेत, त्यांपैकी बहुतेकांत दिवसाची मर्यादा सहा बदकांची आणि पॅसिफिक मार्गात सात असते, पण त्यातही मॅलार्डच्या माद्या, पिनटेल, कॅनव्हासबॅक अशांच्या स्वतंत्र मर्यादा असून त्या दरवर्षी बदलू शकतात. पहाटेच्या अंधुक उजेडात खात्री नसेल तर बार काढू नये. पस्तीस यार्डांपलीकडे नवशिक्याने प्रयत्नच करू नये, कारण उंचावरच्या पक्ष्यांवर उडवलेले बार त्यांना जखमी करतात आणि सगळ्यांचीच सकाळ बिघडवतात. पडलेला पक्षी शोधून आणण्याचा वाजवी प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून पक्षी दाट लव्हाळ्यावर असताना बार टाळावा, आणि कुत्रा नसेल तर एक पक्षी हाती आल्यावरच दुसऱ्याकडे पाहावे.

घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक बदकाचे डोके किंवा एक पिसांसह पंख तसाच ठेवावा, म्हणजे जात ओळखता येते. पक्षी दुसऱ्याच्या ताब्यात देताना सहीची चिठ्ठी जोडावी. पायात धातूचे कडे आढळल्यास त्यावरील क्रमांक पक्षी-कडे नोंदणीच्या संकेतस्थळावर कळवावा. रानबदकांमध्ये बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव असल्याने साफ करताना हातमोजे वापरावेत, आजारी दिसणारा पक्षी हाताळू नये, कुत्र्याला कच्चे मांस घालू नये आणि मांस आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे.

थंडी वाढली की उथळ पाणथळी गोठतात आणि हौशी शिकारी घरी राहतात. तेव्हा नद्यांच्या वाहत्या भागात शिकार उत्तम होते. पण याच काळात होडीत नेमापेक्षा लाइफ जॅकेटची गरज अधिक असते. गार पाण्यात पडताच पहिला श्वास अनावरपणे आत ओढला जातो आणि कपड्यांच्या थरांसह पोहणे काही मिनिटांतच अशक्य होते. त्यामुळे जॅकेट अंगावर घातलेलेच असावे, वेडर्सचा (पाण्यात उतरण्यासाठीच्या जलरोधक बूट-विजारीचा) पट्टा कसलेला असावा, होडीत कुत्रा, नकली बदके आणि माणसे यांचे एकूण वजन तिच्या मर्यादेत असावे, आणि आपण कोणत्या काठावरून निघालो व किती वाजता परतणार हे काठावरील एका माणसाला लिहून दिलेले असावे.