अ‍ॅमेझॉन पोपट पाळायचाय? आधी त्याचे डोळे वाचायला शिका

नीट सांभाळलेला अ‍ॅमेझॉन पोपट 40-50 वर्षं सहज जगतो. त्यामुळे पिंजरा आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, तुमच्यानंतर त्याचं कोण करणार? तो सकाळी आणि तिन्हीसांजेला ओरडणार, हेही धरून चाला. रानात थवा अशीच साद घालतो. ती सवय मोडता येत नाही, आणि मोडूही नये.

1. पक्षी निवडा. अ‍ॅमेझॉन पोपटाच्या सगळ्या जाती साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणून कायदेशीर पैदाशीचे कागद पाहूनच घ्या. स्वतःहून खाऊ लागलेलंच पिल्लू आणा. भरवताना खाद्य जास्त गरम झालं तर पिल्लाची अन्नपिशवी भाजते. हे नवख्याचं काम नाही.

2. पिंजरा लावा. रुंदी निदान 90 सेंटीमीटर, गजांमधली फट 2 ते 2.5 सेंटीमीटर. बसायला वेगवेगळ्या जाडीच्या खऱ्या फांद्या द्या, कुरतडायला लाकूड द्या. पिंजरा स्वयंपाकघरात नकोच. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो.

3. खाणं. हा पोपट खादाड आणि लवकर सुटणारा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलात तर यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. रोजचा आधार पेलेटचा, म्हणजे पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या दाणेदार खाद्याचा ठेवा, सोबत गाजर, भोपळा, हिरव्या पालेभाज्या. बिया फक्त बक्षीस म्हणून. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी कधीही देऊ नका.

4. हात पुढे करण्याआधी बघा. सगळ्यात जास्त वेळ मी इथे द्यायला सांगेन. डोळ्यातली बाहुली झरझर लहान-मोठी होतेय, शेपूट पंख्यासारखी पसरलीय, मानेची पिसं उभी राहिलीत? मग तो कमालीचा उत्तेजित आहे. आनंदाने असेल, रागाने असेल, पण हात नेलात तर चावणार. लोक म्हणतात, 'अचानक चावला.' खरं तर त्याने आधी सांगितलेलं असतं. थांबा, तो निवला की पोटाच्या खालच्या बाजूला बोट धरून 'चढ' म्हणा आणि चढला की लगेच एक बी द्या. रोज पाच-पाच मिनिटं पुरेत. वयात येताना लाडका पोपटही काही महिने तिरसट होतो. तेव्हा पाठ आणि शेपटीखालचा भाग कुरवाळू नका, फक्त डोकं खाजवा. मुलांना हे आधी शिकवा, मगच त्यांना हात लावू द्या.

5. झोप 10 ते 12 तास, अंधारात. आठवड्यातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा.

6. दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या, तो कितीही बोलत-गात असला तरी.