लग्नाची जुनी डीव्हीडी पुन्हा एडिट करायची? आधी ही तयारी

मूळ टेपवर शूटिंगवाल्याने केव्हाच दुसरं लग्न घेतलं, हाती उरली फक्त डीव्हीडी. तिच्यातून आटोपशीर फिल्म काढायची तर बसण्याआधी एवढं करा. मागच्या वेळी फील्ड ऑर्डर (फ्रेमच्या दोन अर्ध्या चित्रांपैकी आधी कोणतं दाखवायचं) बघायची राहिली आणि अख्खी वरात टीव्हीवर थरथरत गेली. म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगणार.

डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांबवर जातो. बर्न केलेल्या डिस्कमध्ये डेटा रंगाच्या थरात असतो, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना पत्र्याखाली काढलेली डिस्क बहुधा बाहेरच्या कडेने आधी जाते. लिखाण आतून बाहेर होतं, म्हणजे आधी जाते ती पाठवणी. शेवटची दहा मिनिटं पहिल्यांदा चालवून बघा. अडकली तर डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, काढा. चांगली असली तरी काढाच, आणि डिस्क परत पाकिटात.

डीव्हीडीतल्या व्हीओबी या व्हिडिओ फाइली सुट्या सुट्या एडिटरच्या टाइमलाइनवर ओढू नका. एकच टायटल, म्हणजे सलग फिल्म, सुमारे एक-एक जीबीच्या तुकड्यांत कापलेलं असतं. सांध्यावर फ्रेम गळतात, आवाज सरकतो. मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने आयएसओतून सलग फाइल काढा, त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही. हँडब्रेक हा प्रोग्रॅम इथे नको, तो दाबतो.

आता फील्ड ऑर्डर. आपल्याकडची डीव्हीडी ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅमेऱ्याच्या शूटिंगमध्ये प्रत्येक फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने मागे-पुढे टिपलेल्या दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, असतात; यालाच इंटरलेस म्हणतात. डीव्ही टेपवर खालची फील्ड आधी, बऱ्याच डीव्हीडींवर वरची. टेपवरून केलेली डिस्क कशीही असू शकते. फाइलीची माहिती दाखवणारा मीडियाइन्फो सांगेल ते फक्त लेबल, चुकीचंही असतं. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमचं आयडेट फिल्टर प्रत्यक्ष चित्र बघून मोजतं. दोन्ही जुळले तरच पुढे जा. तरी खात्री हवी? वरातीतल्या घोड्याची तीस सेकंदं सेकंदाला पन्नास फ्रेमला डीइंटरलेस करा, म्हणजे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करा, आणि एकेक फ्रेम पुढे सरका. घोडा दोन पावलं पुढे, एक मागे जात असेल तर ऑर्डर उलटी आहे. उभ्या असलेल्या नवरानवरीवर तपासू नका, स्थिर चित्रात काहीच कळत नाही. लॅपटॉपच्या प्रीव्ह्यूवरही भरवसा नको. एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्येही हीच फील्ड ऑर्डर ठेवा.

इंटरलेस असताना चित्र एका ओळीने वर-खाली सरकवलं तरी फील्ड ऑर्डर उलटते. वर-खाली ताणून आकार बदलला तर फील्ड एकमेकांत मिसळतात, मग काहीच सुधारत नाही.

मूळ फुटेज नाही, म्हणजे गाणं आणि बोलणं एकाच ट्रॅकमध्ये मुरलेलं. मंगलाष्टकाच्या मध्येच कापलं तर सूर तुटतो. म्हणून आधी ऐकत ऐकत कागदावर वेळा लिहा, कट गाणं संपतं तिथेच. नाही जमलं तर वरून वेगळा आवाज टाका. डिझॉल्व्हच्या (एक चित्र दुसऱ्यात विरघळतं त्याच्या) मध्ये कट नको, दोन चित्रांचं भूत राहतं. तो सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर कापा. चित्रात छापलेली नावं पुसली जात नाहीत, तेवढा भाग गाळा.

तीन तासांच्या लग्नाला शंभर जीबी मोकळी जागा. मधली फाइल लॉसलेस (दर्जा न घटवणारी), म्हणजे एमपेग-२ (डीव्हीडीवरच्या व्हिडिओचा प्रकार) शेवटी एकदाच दाबायचं. आवाज ४८ किलोहर्ट्झ. फ्रेमचा आकार चार-तीन की सोळा-नऊ ते बघा, नाहीतर सगळे वऱ्हाडी जाडे.

पुन्हा डीव्हीडीच करायची असेल तर डीइंटरलेस करू नका. ४.७ जीबीत दोन तासांना व्हिडिओ सेकंदाला ४.८ मेगाबिट. मोबाइलसाठी डीइंटरलेस करून पन्नास फ्रेम, चित्र चार-तीन असेल तर ७६८ बाय ५७६. आधी दोन मिनिटांची डिस्क, मोठ्या टीव्हीवर, घोड्याचाच तुकडा. फील्ड ऑर्डर बघा. मग बाकीच्या प्रती.