नागअळीचा पतंग ओळखायचाय? आधी ही तयारी करा

लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर नागअळीची, म्हणजे पानाच्या आत बोगदा पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीची, चंदेरी, वेडीवाकडी रेघ दिसली की पान तोडायला हात शिवशिवतो. जरा थांबा. आधी तारीख, झाडाचं नाव आणि पालवी किती कोवळी आहे हे वहीत लिहा. पेन्सिलीनेच लिहा, कारण ओलसर पिशवीत शाई फुटते. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात हवंच. त्याशिवाय निघूच नका. पान उन्हासमोर धरून फोटो काढलात तर बोगद्यातली अळी आणि विष्ठेची काळसर रेघ स्पष्ट दिसते. ही रेघ बोगद्याच्या मधोमध असते. माशीच्या नागअळीत (पानात बोगदा करणारी माशीची अळी) विष्ठा बऱ्याचदा दोन्ही कडांना आळीपाळीने पडलेली दिसते, त्यामुळे पहिली शंका इथेच फिटते.

अंडं दवाच्या थेंबासारखं असतं. ते शोधताना पानाच्या खालची बाजू, शिरेच्या आसपास पाहा. जून पानांवर वेळ घालवू नका.

खरी मेहनत पुढे आहे, कारण नुसत्या बोगद्यावरून जात ठरवणं मला धोक्याचं वाटतं. पतंग बाहेर यायला हवा. अळीच्या चार अवस्था असतात. चौथीत ती खाणं थांबवते, पानाच्या कडेला येते, रेशमाने कड दुमडते आणि आतच कोष करते. दुमडलेल्या कडांची पानं हेरा, पण सुटी तोडू नका. पान सुकलं की आतली अळीही जाते. कोंब देठासकट कापा, पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा, तोंडाला कापूस लावा आणि वर पारदर्शक डबा पालथा घाला. त्या कोंबावर फवारणी झालेली नसावी. अंड्यापासून पतंगापर्यंत हवामानानुसार 13 ते 52 दिवस लागतात, तेव्हा थंडीत आठवड्याभरात हार मानू नका. डबा रोज सकाळी बघा.

पतंग इतका लहान असतो की पंख पसरूनही जेमतेम 4 मिलिमीटर भरतो. पांढरे-रुपेरी पुढचे पंख, त्यांवर तपकिरी पट्टे आणि टोकाला एक काळा ठिपका दिसला तर तो फिलोक्निस्टिस सिट्रेला, म्हणजे लिंबू-संत्र्यावरच्या नागअळीचाच पतंग असण्याची शक्यता मोठी. पंखांना बोट लावू नका, खवले लगेच निघतात. पतंग नमुना म्हणून जपायला डब्यासकट फ्रीजरमध्ये ठेवा. पतंगाऐवजी चिमुकली गांधीलमाशी निघाली तर तीही जपा. ती अळीवर वाढलेली परजीवी आहे, आणि तिची नोंद पतंगाइतकीच मोलाची. रिकामा कोष पानाच्या कडेतून अर्धवट डोकावत असेल, तोही तारीख आणि झाडाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसोबत ठेवा.